पात्यांविना ढवळणारी टाकी

इडलीचे पीठ उबेत ठेवून गृहिणी स्वस्थ झोपी जाते; कारखान्यातील कित्येक सूक्ष्मजंतूंना मात्र क्षणोक्षणी हवा लागते. म्हणून बंद टाकीत पाती फिरवून द्रावण ढवळण्याची रीत पडली. लहान टाकीत ते साधते. टाकी प्रचंड झाली की वीज फार लागते, घुसळणीची उष्णता काढावी लागते आणि पात्यांचा दांडा जिथून आत जातो तिथून परके जंतू शिरण्याचे भय असते.

इंग्लंडमधील बिलिंगहॅम येथे आय. सी. आय. कंपनीने हा दांडाच काढून टाकला. सुमारे १५ लक्ष लिटरच्या उंच टाकीत तळाशी हवा सोडीत. बुडबुड्यांनी हलके झालेले द्रावण वर चढे, हवा निसटताच जड होऊन दुसऱ्या वाटेने खाली उतरे. मिथेनॉलवर पोसलेल्या जंतूंचे 'प्रुटीन' हे पशुखाद्य १९८० मध्ये निघू लागले. यंत्र उत्तम चालले, पण सोयाबीन स्वस्त पडले (बाजाराला यंत्रविद्येचे कौतुक कुठले!) आणि त्याच दशकात कारखाना थांबला.

टाकीची कल्पना मात्र टिकली. १९८५ मध्ये विक्रीस आलेले 'क्वॉर्न' हे माणसांसाठीचे बुरशीजन्य अन्न अशाच टाकीत वाढवू लागले. त्या बुरशीचे लांब, नाजूक तंतू पात्यांच्या माऱ्याने तुटले असते. आणि मांसासारखा चावट लागणारा पोत येतो तो त्या तंतूंमुळेच.