मोबाईलवर नेट चालतंय, मग लॅपटॉपवर का नाही? भंडारदऱ्याच्या पावसाला शिव्या देण्याआधी एवढं बघा

जुलै महिना. भंडारदऱ्यात धरणाला लागून असलेल्या शेंडी गावातला एखादा होमस्टे. बाहेर पावसाने कळसूबाईचा डोंगर पार गिळलेला. आत कुणी तरी लॅपटॉप उघडून बसलंय, कारण सोमवारी सुट्टी मिळाली नाही. शेजारच्या खोलीत होमस्टेवाल्यांच्या मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरायचा राहिलाय. आणि वायफाय बंद पडतं.

पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पाऊस आहे ना, नेट जाणारच."

घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, त्यामुळे या आरोपावर लगेच विश्वास बसतो. पण निम्म्या वेळा पाऊस निर्दोष असतो आणि गुन्हेगार लॅपटॉपमध्येच बसलेला असतो. उरलेल्या निम्म्या वेळा लॅपटॉपचा काहीच दोष नसतो, आणि लोक मात्र तो चार वेळा बंद-चालू करून, सेटिंग्ज उलट्यापालट्या करून चांगलं चाललेलं बिघडवून ठेवतात. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी एकच गोष्ट शोधायची, तुटलंय नेमकं कुठे?

मुळात वायफाय म्हणजे इंटरनेट नाही. लॅपटॉपपासून त्या अँटेनावाल्या डब्यापर्यंत, म्हणजे राउटरपर्यंतचा जो बिनतारी प्रवास आहे, तेवढंच वायफाय. राउटरच्या पुढे फायबरची तार आहे, ती खांबांवरून किंवा रस्त्याच्या कडेने जाते, आणि तिथून पुढे जग. तार तुटली तरी वायफायच्या रेघा फुल्ल दिसतात. "रेंज फुल आहे पण नेट नाही" याचं कोडं एवढंच आहे.

आता पावसाचा हिशोब करू. घरातलं वायफाय २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते. पावसाचा थेंब फार तर चार-पाच मिलिमीटर. एवढ्या मोठ्या लहरीला एवढासा थेंब फारसा अडवू शकत नाही, त्यातून अंतर एका खोलीतून दुसऱ्या खोलीचं. डीटीएचच्या छत्रीचं वेगळं आहे. तिथे लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची आणि ती ढगांतून, पावसातून खाली येते, म्हणून मुसळधार पाऊस आला की टीव्ही आधी जातो. मोबाईलचे काही टॉवरही एकमेकांशी अशाच आखूड लहरींनी बोलतात, त्यामुळे धो धो पावसात मोबाईल नेट मंदावू शकतं. पण खोलीतल्या वायफायला पाऊस अडवत नाही. त्याला अडवते ती काळ्या दगडाची जाड भिंत आणि डोक्यावरचा पत्रा. पत्रा तर लहरी सरळ परतवून लावतो. राउटर मालकांच्या स्वयंपाकघरात आणि तुम्ही अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत असाल, तर उन्हाळ्यातही तीच बोंब असणार.

पाऊस त्रास देतो तो आडून. लाईट जाते, झाड पडून फायबर तुटतं. वीज पडण्याचा धोका मात्र जुलैच्या संततधारेपेक्षा मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात जास्त. तेव्हा गडगडाट सुरू झाला की राउटरचा प्लग काढून ठेवलेला बरा.

बरं, आता तपास. हातातला मोबाईल घ्या आणि त्याचा मोबाईल डेटा आधी बंद करा. ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात. डेटा चालू असेल तर वायफायवर नेट नाही म्हटल्यावर फोन गुपचूप सिमकार्डच्या नेटवर जातो, आणि आपल्याला वाटतं "मोबाईलवर तर वायफाय चालतंय". डेटा बंद करून, त्याच वायफायवर, त्याच जागी बसून एखादी कधी न उघडलेली साइट उघडून बघा.

फोनवरही उघडत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. राउटरकडे जा. फायबर जोडणीच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाहीये, म्हणजे तार कुठे तरी तुटलीय, वाकलीय किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. यावर तुम्ही-आम्ही करण्यासारखं काही नाही, नेटवाल्याला फोन करायचा. लाल दिवा नसेल तर डबा बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा लावा. काही घरांत दोन डबे असतात, एक फायबरचा आणि एक वायफायचा. तिथे आधी फायबरचा लावा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग दुसरा. लाईट ये-जा करते तेव्हा हे दोघं एकदम सुरू होतात, एक तयार असतो, दुसरा नसतो, आणि मग दोघंही रुसून बसतात. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही डबे त्यावर आहेत ना, हेही बघा. बऱ्याच ठिकाणी एकच असतो.

एक शक्यता अजून आहे. नेट ठणठणीत असतं, साइटच झोपलेली असते. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया २०२५ मध्ये पहिल्यांदाच अख्ख्या राज्यासाठी लागू झाली. २१ मे रोजी नोंदणी सुरू झाली आणि त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं. नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. त्या दिवशी कितीही राउटर बंद-चालू केले असते तरी फॉर्म भरला जाणार नव्हता. म्हणून एक साइट उघडत नसेल तर दुसऱ्या दोन उघडून बघायच्या.

आता खरा विषय. फोनवर वायफाय चालतंय, लॅपटॉपवर नाही. तर दोष लॅपटॉपमध्ये किंवा लॅपटॉप आणि राउटरच्या नात्यात आहे.

सगळ्यात आधी लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्ट. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बऱ्याच लॅपटॉपवर चालूच असते. ती असताना शटडाउन केलं तरी विंडोज आपला गाभा जशाच्या तसा डिस्कवर ठेवून झोपतं आणि सकाळी तोच उचलून आणतं, त्यातल्या बिघाडासकट. रीस्टार्ट केल्यावर मात्र पाटी कोरी होते. "मी तर दोनदा बंद करून बघितला" म्हणणाऱ्यांचं वायफाय रीस्टार्टने सुरू होतं ते यामुळेच.

तरी नाही? मग खाली उजव्या कोपऱ्यातलं चिन्ह बघा. तिथे वायफायचा पर्यायच दिसत नसेल, तर एअरप्लेन मोड चालू आहे का ते तपासा. वरच्या ओळीतल्या एफ-बटणांपैकी एकावर विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असतं आणि ते चुकून दाबलं जातं. काही जुन्या लॅपटॉपना कडेला वायफायची खटकीच असायची. तसं काही नसेल तर वायफायचं कार्ड अडकलंय. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून सुरू करा. आतला उरलासुरला करंट निघून गेला की अडकलेलं कार्ड पुष्कळदा जागं होतं. ऐकायला तोडगा वाटतो, पण चालतो.

त्यानेही नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वायफायचं नाव शोधा. त्यावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा, विंडोज ते स्वतः परत बसवतं. फक्त अनइन्स्टॉल करताना "ड्रायव्हरही काढून टाका" अशी एक चौकट येते, तिच्यावर टिक करू नका. ड्रायव्हर गेला आणि विंडोजकडे दुसरा नसला तर तो डाउनलोड करायला नेट लागणार, आणि नेट तर नाहीये. तिथेच पॉवर मॅनेजमेंट नावाचा टॅब असेल तर "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" ही टिक काढून टाका. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर वायफाय गायब होतं, त्यामागे बरेचदा हीच असते.

कधी कधी दोष खरोखर अपडेटचा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही लॅपटॉपचं वायफाय बंद पडलं होतं. जास्त फटका बसला तो विद्यापीठं आणि कार्यालयांच्या मोठ्या नेटवर्कना. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य करून तो बदल मागे घेतला. काल रात्री अपडेट झालं आणि आज सकाळपासून वायफाय नाही, असा हिशोब जुळत असेल तर अपडेट हिस्ट्रीमध्ये जाऊन ते अपडेट काढता येतं.

वायफाय चालू आहे, बाकीची नावं दिसतात, पण नेमकं होमस्टेचं नाव दिसत नाही, असंही होतं. तेव्हा ते ५ गिगाहर्ट्झवर असेल आणि तुमचा जुना लॅपटॉप फक्त २.४ ओळखत असेल. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. त्या मधल्या काळातल्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये ५ चं कार्डच नाही. मालकांना २.४ सुरू करायला सांगा. भिंतीपलीकडे तसंही तेच जास्त पोहोचतं.

नाव दिसतं, पासवर्डही बरोबर आहे, तरी जोडलं जात नाही, तर ते नेटवर्क फर्गेट करून पासवर्ड नव्याने टाका. मालकांनी पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच पुढे करत राहतो.

आणि सगळ्यात डोकं खाणारा प्रकार म्हणजे "कनेक्टेड, नो इंटरनेट". इथे भंडारदऱ्याची एक खासियत कामाला येते. मे संपता संपता काजव्यांचा हंगाम सुरू होतो आणि शनिवार-रविवारी इथे माणसांचा पूर लोटतो. राउटर प्रत्येक फोनला, प्रत्येक लॅपटॉपला आतला एक पत्ता देतो, आणि हे पत्ते मोजके असतात, काही राउटरमध्ये शंभरच. बरं, दिलेला पत्ता पुष्कळ राउटर दिवसभर परत घेत नाहीत. म्हणजे काल रात्री काजवे बघून सकाळी घोटीच्या रस्त्याला लागलेली मंडळी मुंबईत पोहोचली, तरी त्यांच्या नावाचे पत्ते इथे अडकलेलेच. नव्या लॅपटॉपला पत्ता मिळत नाही. मग तो स्वतःच एक मनचा पत्ता घेतो, जो १६९.२५४ ने सुरू होतो. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ समोर हा आकडा दिसला की समजा, राउटरने दारातून आत घेतलंय पण पान वाढलेलं नाही. अशा वेळी वायफाय बंद-चालू करून बघा. तरीही तोच आकडा आला तर राउटर रीस्टार्ट करायला सांगा. बहुतेक वेळा काम होतं.

पत्ता नीट असेल, म्हणजे १९२.१६८ ने वगैरे सुरू होत असेल, तर तारीख-वेळ बघा. जुन्या लॅपटॉपची आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि सगळ्या साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणून अडवतात. मग व्हीपीएन किंवा प्रॉक्सी चालू राहिलंय का ते बघा, ऑफिसच्या लॅपटॉपवर हे हमखास असतं. ब्राउझरच्या मेसेजमध्ये डीएनएस असा शब्द दिसत असेल तर वायफायच्या सेटिंग्जमध्ये डीएनएस मॅन्युअल करून ८.८.८.८ टाका, आकडे अर्थात इंग्रजीत.

नेटवर्क रीसेट हे बटण सगळ्यात शेवटी. त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात, ऑफिसचं व्हीपीएनही परत बसवावं लागू शकतं. घरी ठीक आहे, डोंगरात ऑफिसच्या आयटीवाल्याला फोन लागेपर्यंत संध्याकाळ होते.

आणि फॉर्मची वेळ संपायला वीस मिनिटं उरली असतील तर यातलं काहीच करत बसू नका. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. केबल मात्र डेटा जाणारी हवी, नुसतं चार्जिंग करणारी नको. अशा वेळी फोन वायफायला जोडलेला असेल तर तो तेच वायफायचं नेट केबलने लॅपटॉपला देतो. म्हणजे तुमचा फोनच लॅपटॉपचं वायफाय कार्ड बनतो, सिमचा डेटा लागत नाही, रेंज नसली तरी चालतं. आयफोन मात्र अशा प्रकारे फक्त सिमचं नेट देतो. वायफायचा ड्रायव्हर उडाला असेल तर तोही याच केबलवरून डाउनलोड करता येतो. आणि एलओएसचा दिवाच लाल असेल, सिमलाही रेंज नसेल, तर कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून राजूर किंवा अकोल्याची गाडी धरा, तिथल्या एखाद्या सेवा केंद्रातून फॉर्म भरा. फक्त निघण्याआधी फोन करून तिथे नेट आहे का ते विचारा, कारण तुटलेली तार कदाचित त्यांचीही असेल.