घरातील सभोवार ध्वनी : नवे ध्वनिक्षेपक घेण्यापूर्वी

अंधाऱ्या माजघरात बसलेल्या मनुष्याला मागून कोणी हळूच हाक मारली, तर तो मान वळवून नेमका हाक मारणाऱ्याकडेच पाहतो. त्यासाठी दिवा लावावा लागत नाही. मनुष्याला कान दोनच, परंतु त्या दोहोंच्या बळावर तो आपल्या भोवतालचे सारे अवकाश ऐकू शकतो. बैठकीच्या खोलीत पाच-सहा ध्वनिक्षेपक, म्हणजेच स्पीकर, मांडून चित्रपट ऐकण्याची जी सोय आज अनेक घरांत दिसते, ती याच शक्तीवर आधारलेली आहे.

या सोयीविषयी एक तक्रार मात्र वारंवार ऐकू येते. पडद्यावर स्फोट झाला की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि पात्रे बोलू लागली की घरातील वडीलधारी माणसे विचारतात, “काय म्हणाला तो?” मग आवाज वाढवावा, पुन्हा कमी करावा, असा क्रम सुरू होतो. शेवटी अधिक मोठे व अधिक महाग ध्वनिक्षेपक आणले जातात आणि पुष्कळदा तक्रार होती तशीच राहते. असे का होते, हे समजून घेतले तर पैसाही वाचतो आणि ऐकण्याचे समाधानही मिळते.

कान दिशा कशी ओळखतो?

डावीकडून आलेला ध्वनी डाव्या कानावर किंचित आधी पोहोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या दहा हजारांश भागाच्या सहा-सात पट असतो, तरीही मेंदू तो टिपतो. उच्च स्वरांच्या बाबतीत मस्तकाची सावली पडून दूरच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात. या दोन खुणांचे विवेचन लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केले. पुढे १९४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे हेल्मुट हास यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. तोच ध्वनी दोन ठिकाणांहून अल्प अंतराने, सुमारे तीस सहस्रांश सेकंदांच्या आत आला, तर ते दोन ध्वनी न वाटता एकच वाटतो आणि तो आधी पोहोचलेल्या दिशेनेच आला असा भास होतो.

यावरून पहिला नियम निघतो. ध्वनिक्षेपक कोठे ठेवला आहे, याला तो किती किमतीचा आहे याहून अधिक महत्त्व आहे. श्रोत्याच्या समोर मधला, त्याच्या दोन्ही बाजूंस ३० अंशांवर डावा व उजवा, आणि १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्यांच्या रेषेच्या थोडे मागे, बाजूचे दोन, ही मांडणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आपल्या शिफारशीत दिली आहे. ध्वनी एका मीटरला सुमारे तीन सहस्रांश सेकंद घेतो. म्हणून प्रत्येक ध्वनिक्षेपकाचे श्रोत्यापासूनचे अंतर मोजून ते विवर्धकात, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये, नोंदवावे लागते. या कामाला केवळ एक मोजपट्टी लागते.

खोलीचा वाटा

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यात बुडून जात. वॉलेस सॅबाइन या तरुण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाकडे हे काम आले. रात्रीच्या शांततेत त्याने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या तेथे आणून ठेवल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून घुमारा किती वेळ टिकतो ते मोजले. जितक्या गाद्या अधिक, तितका घुमारा कमी, असे त्यास आढळले. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया या गाद्यांवर रचला गेला.

फरशीची जमीन, गिलाव्याच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेली खोली ही त्या व्याख्यानगृहाची धाकटी बहीणच होय. तेथे जाड सतरंजी अंथरली, पडदे लावले, मागील भिंतीशी पुस्तकांचे कपाट ठेवले, तर शब्द स्पष्ट होतात. अशा खोलीत नुसता ध्वनिक्षेपक बदलणे म्हणजे गढूळ पाण्यासाठी नवा तांब्या घेणे होय.

प्रथम कोणता बदलावा?

१९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर चित्रगृहांत अंकीय ध्वनीची जी पद्धत आली, तीत पाच मुख्य ध्वनिमार्ग आणि मंद्र स्वरांचा एक मर्यादित मार्ग असतो. पात्रांचे संवाद बहुधा मधल्या मार्गात असतात. घरी मात्र हाच ध्वनिक्षेपक सर्वांत लहान असतो आणि कपाटाच्या कप्प्यात आत सरकवलेला असतो. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे आणून श्रोत्याच्या कानाकडे किंचित कलता ठेवावा. एवढ्यानेही संवाद स्पष्ट न झाल्यास पहिला खर्च याच्यावरच करावा. समोरचे तिन्ही ध्वनिक्षेपक शक्यतो एकाच घडणीचे असावेत. नाही तर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या आगगाडीचा आवाज मध्येच पालटतो.

विकत घेताना दोन आकडे पाहावेत. पहिला संवेदनक्षमतेचा. एक वॅट शक्तीने एक मीटरवर ८४ डेसिबेल देणारा ध्वनिक्षेपक घेतला, तर ९० डेसिबेल देणाऱ्याइतका आवाज काढण्यास त्याला सुमारे चौपट शक्ती लागते. दुसरा आकडा ओहमचा. आठ ओहमसाठी केलेल्या विवर्धकास चार ओहमचा ध्वनिक्षेपक जोडला, तर त्यातून सुमारे दुप्पट विद्युत्प्रवाह वाहतो आणि यंत्र तापते. जोडताना तांबड्या टोकास तांबडी व काळ्या टोकास काळीच तार लावावी. एका बाजूची जोडणी उलटी झाली, तर एकाची कागदी शंकूपाळ पुढे येताना दुसऱ्याची मागे जाते आणि मंद्र स्वर परस्परांस मारतात.

मंद्र स्वरांचे कोडे

अतिमंद्र स्वरांची दिशा कानास सहसा कळत नाही. म्हणून त्यांच्यासाठी असलेली सबवूफर नावाची पेटी कोठेही ठेवता येते, असे म्हणतात. परंतु खोलीला हे मान्य नसते. पाच मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ३४ कंपनांचा स्वर भिंतींमध्ये अडकून काही ठिकाणी गर्जतो आणि काही ठिकाणी लोपतो. यावर एक सोपा प्रयोग आहे. पेटी क्षणभर श्रोत्याच्या आसनावर ठेवावी, मंद्र स्वरांचे संगीत लावावे आणि भिंतीकडेने ओणवे होऊन ऐकत फिरावे. जेथे स्वर सारखा व स्वच्छ ऐकू येईल, तेथे पेटी कायमची ठेवावी.

बाजूचे दोन ध्वनिक्षेपक सर्वांत शेवटी बदलले तरी चालते, कारण पावसाची सर, गर्दीचा कल्लोळ असे वातावरणाचे ध्वनीच त्यांच्या वाट्यास विशेष येतात.

अशा रीतीने खोली, जागा, मधला ध्वनिक्षेपक, मग त्याचे दोन सोबती आणि शेवटी बाकीचे, हा क्रम पाळला असता प्रत्येक रुपयाचा उपयोग होतो. त्याचा आणखी एक लाभ आहे. शब्द स्पष्ट झाले म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबेलचा आवाज प्रौढ मनुष्याने आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकल्यास धोका नाही. आवाज याहून वाढला की सुरक्षित काळ झपाट्याने घटतो. ध्वनिक्षेपक पुन्हा विकत घेता येतो, कान मात्र जन्माला येताना मिळालेलेच आयुष्यभर पुरवावे लागतात.