दुष्काळासाठी राखून ठेवलेली वीज

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, नेपियर शहराच्या उत्तरेला समुद्रकाठी फिरिनाकी नावाची वस्ती आहे. तिथल्या लाकूड-लगद्याच्या मोठ्या कारखान्याशेजारी 155 मेगावॅटचे डिझेलवरचे वीजकेंद्र उभे आहे. ना कोळशाचे ढीग, ना शीतकरणाचे मनोरे. इंधनाच्या टाक्या आणि तीन संच, एवढाच पसारा.

प्रत्येक संचात मधोमध जनित्र आणि दोन्ही बाजूंना एकेक टर्बाइन. या टर्बाइनचे मूळ विमानात आहे. इंडियन एअरलाइन्सची जुनी बोइंग 737 विमाने प्रॅट अँड व्हिटनीच्या ज्या इंजिनांवर उडत, त्याच घराण्यातली ही यंत्रे. कोळशाचा थंड बॉयलर तापायला कित्येक तास लागतात. इथली वीज काही मिनिटांत ग्रिडमध्ये जाते.

या देशाची निम्म्याहून अधिक वीज पाण्यावर तयार होते. मात्र जलाशय काठोकाठ भरले तरी साठा काही आठवडेच पुरतो. हिवाळ्यात डोंगरातले पाणी बर्फ होऊन अडते आणि नेमके तेव्हाच घरोघरी हीटर लागतात. 2001 आणि 2003 साली पावसाने ओढ दिली, विजेचे भाव भडकले, काटकसरीची आवाहने करावी लागली. क्वचितच चालणाऱ्या केंद्रात खासगी कंपन्या पैसा घालेनात, तेव्हा सरकारने स्वतः सुमारे 15 कोटी डॉलर खर्चून 2004 मध्ये हे केंद्र उभारले. 1978 मध्ये बांधलेले जुने केंद्रही याच जागी होते. 2011 मध्ये सरकारने नवे केंद्र कॉन्टॅक्ट एनर्जी कंपनीला विकले.

डिझेल महाग, धूरही नको असलेला. म्हणून फिरिनाकीची पाळी सगळ्यांत शेवटी येते. दुष्काळ पडला, मागणी शिगेला पोहोचली किंवा एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडले, तरच ते सुरू होते. वर्षाकाठी किती युनिट निघाले एवढेच पाहिले, तर हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल. पण त्याची खरी किंमत सज्ज असण्यात आहे. बॅटरी संध्याकाळचे काही तास निभावून नेते. आठवडेच्या आठवडे चालणारा दुष्काळ तिच्या आवाक्याबाहेरचा आहे.

कोयनेच्या पाणीपातळीकडे डोळे लावून बसणाऱ्या महाराष्ट्राला हे सहज पटावे. वीजदरांची चर्चा करताना राखीव केंद्रांवरचा खर्च उधळपट्टीत धरू नये. तो कुणी आणि किती उचलायचा, हे टंचाई येण्याआधीच ठरवायला हवे.