दोन दारांमधले घर

श्वान-निवारा केंद्रातील दूरध्वनी भल्या सकाळपासून खणखणू लागतो. कुठे वाहनाखाली सापडून मागचे पाय लुळे पडलेली कुत्री, कुठे पोत्यात बांधून रस्त्याकडेला टाकलेली चार पिल्ले, तर कुठे मानेवरच्या जखमेत किडे पडल्याने सैरभैर झालेला कुत्रा. प्रत्येकाचा आग्रह एकच असतो: ताबडतोब येऊन घेऊन जा. पिंजरे मात्र मोजके आणि हात त्याहून मोजके. त्यामुळे फोन घेणाऱ्या स्वयंसेविकेला कळवळा बाजूला ठेवून आधी हिशेब मांडावा लागतो. आज कोणाला आणले नाही तर तो उद्या दिसणार नाही, हा तो हिशेब. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे १.५३ कोटी नोंदली गेली. त्या आकड्यापुढे वीस-पंचवीस पिंजऱ्यांचे केंद्र म्हणजे दर्यात खसखस. तरीही ज्याला पिंजरा मिळतो त्याच्यापुरता तो सारा दर्या असतो.

सकाळचे पहिले काम सफाईचे, आणि त्यालाही क्रम असतो. निरोगी पिल्लांची जागा आधी, आजाऱ्यांची शेवटी. पार्व्हो या आतड्याच्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. चपलेच्या तळव्याला चिकटून तो एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात गेला की आठवड्याच्या आत अख्खी वीण हातची जाते. म्हणून आजारी विभागाच्या चपला वेगळ्या, बादली वेगळी, कुंचाही वेगळा.

मग औषधपाणी. किड्यांची जखम पावसाळ्यात फार. चिमट्याने एकेक अळी काढून, जखम धुऊन, मलम भरून पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पहिल्या दिवशी गुरगुरणारा कुत्रा चौथ्या दिवशी आपणहून मान पुढे करतो, असा या कामातला नेहमीचा अनुभव. गोचिडांच्या तापाने मलूल झालेल्यांना गोळ्या द्याव्या लागतात आणि कुत्रा गोळी सहजासहजी गिळत नाही. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. येथे अंड्याच्या पिवळ्या बलकात गोळी दडवून मागे धावणारे स्वयंसेवक रोज दिसतात. महाराजांना निदान गोळी लपवावी लागली नव्हती!

जुना प्रश्न, बदलते नियम

मुंबईला हा विषय नवा नाही. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचा व्यवहार ठप्प झाला. पुढे दोन वर्षांनी येथे पांजरपोळ उभा राहिला. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय १८८३ चे.

कुत्री मारून संख्या घटत नाही, हे ध्यानी आल्यावर २००१ मध्ये केंद्र सरकारने नियम केले: निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या आणि पकडले तेथेच परत सोडा. २०२३ च्या नव्या नियमांनीही तोच मार्ग कायम ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यात हलविण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्यात तो बदलून रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री तेथे परत सोडू नयेत, असे निर्देश आले. ज्यांना परत जायला जागा नाही अशा प्रौढ कुत्र्यांचा भार त्यामुळे निवाऱ्यांवरच येतो.

लोकांची भीती खोटी मानण्याचे कारण नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून केंद्रातील कर्मचारी प्रतिबंधक लस आधीच घेतात. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तडक रुग्णालय गाठायचे, हा तेथील दंडक. घरीही तो पाळण्यासारखा आहे.

तात्पुरते पालक

ज्या पिल्लांची लसीकरणाची मालिका अपुरी आहे त्यांच्यासाठी केंद्राइतकी धोक्याची जागा दुसरी नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, आणि तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची. हा काळ एखाद्या स्वच्छ घरात गेला तर पिल्लू जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. येथेच तात्पुरत्या पालकाची गरज भासते. सहसा खाणे व औषधांचा खर्च केंद्र सोसते. पालकाने द्यायची ती जागा, वेळ आणि थोडी झोप.

दर तीन वर्षांनी बदलीचा आदेश हाती पडणाऱ्या बँक अधिकाऱ्याला बारा-चौदा वर्षांचे पालकत्व पत्करणे अवघड जाते. दोन महिन्यांचे मात्र जमू शकते. निवृत्त दांपत्यांचेही तसेच. त्याआधी केंद्राचे लोक घर पाहून जातात: गॅलरीच्या गजांतून पिल्लू निसटेल का, घरमालकाची संमती आहे का, घरात आधीपासून असलेल्या कुत्र्याच्या लसी झाल्या आहेत का, आणि गेल्या काही महिन्यांत तेथे पार्व्होने पिल्लू दगावले होते का. शेवटचा प्रश्न कठोर वाटतो, पण तो टाळता येत नाही. गाईचे दूध पाजू नका, चॉकलेट, कांदा, द्राक्षे दूर ठेवा, ही सूचना दर वेळी द्यावी लागते. प्रेमापोटीच तर दूध पाजले जाते.

खरी परीक्षा निरोपाच्या दिवशी. दीड-दोन महिने पायात घोटाळणारे पिल्लू दुसऱ्याच्या हाती देताना अनेकांचा धीर सुटतो आणि ते कायमचे तेथेच राहते. त्याचे कौतुक होते, व्हावेही. पण केंद्राच्या वहीतून एक घर खोडले जाते आणि पुढच्या विणीला दार शोधावे लागते. जे पालक डोळे पुसून पिल्लू देतात व आठवड्याने पुन्हा फोन करतात, त्यांच्या जिवावर हे काम चालते.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची मागणी ठरलेली असते: पिल्लू हवे, नर हवा, रंग शक्यतो फिका. काळी, वयस्क मादी वाट पाहत राहते. तीन पायांची असेल तर अधिकच. काही जण महिन्याभरात कुत्रा परत आणतात. बूट चावला, घर बदलले, बाळ येणार आहे. कारणांवर वाद न घालता त्याला परत घेणे हेच केंद्राने पत्करलेले असते, अन्यथा तो रस्त्यावर सोडला जाईल.

जाणाऱ्या पिल्लासोबत लसीकरणाचे पुस्तक, वयात आल्यावर निर्बीजीकरण करण्याचे लेखी वचन, चार दिवस पुरेल इतके नेहमीचे खाणे आणि पालकाच्या घरातील एक न धुतलेली चादर दिली जाते. नव्या घरातील पहिली रात्र बहुधा रडण्यात जाते. मध्यरात्री नव्या मालकांचा फोन येतो, आणि ती चादर पिशवीतून काढून त्याच्याजवळ अंथरलीत का, असे त्यांना विचारले जाते.