एमसीबी सारखा पडतोय? मोठा बसवण्याआधी भिंतीतली वायर तपासा. कोणत्या कामाला कोणती केबल लागते?

उन्हाळा लागला की अनेक घरांत पहिला एसी येतो. तो जुन्याच बोर्डावर जोडला जातो. त्याच सर्किटवर इस्त्री किंवा मिक्सर लागला की एमसीबी पडतो. दोन-चार वेळा असं झालं की कोणीतरी १० अँपिअरचा एमसीबी काढून २५चा बसवतं. एमसीबी पडणं थांबतं आणि सगळ्यांना वाटतं, काम झालं.

खरा धोका इथूनच सुरू होतो. कारण एमसीबी मुख्यतः भिंतीतली वायर वाचवण्यासाठी असतो. वायरला सोसणार नाही इतका करंट वाहू लागला की तो वीज तोडतो. एमसीबी मोठा केला आणि वायर तीच ठेवली, तर तोडायचं कोणी?

वायर तापते तेव्हा काय होतं?

वायरमधून जाणारा करंट दुप्पट झाला की तिच्यात तयार होणारी उष्णता चौपट होते. घरात वापरल्या जाणाऱ्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. भिंतीतल्या पाइपमध्ये आठ-दहा वायरी एकत्र असतील तर उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. आवरण हळूहळू कडक होतं, तडकतं आणि एक दिवस शॉर्टसर्किट होतं. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही.

दीडची, अडीचची, चारची म्हणजे काय?

दुकानात 'अडीचची वायर' मागितली की २.५ स्क्वेअर एमएमची वायर मिळते. हा आकडा आतल्या तांब्याच्या जाडीचा, म्हणजे काटछेदाच्या क्षेत्रफळाचा असतो. कोणती वायर लागेल याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो. उपकरणाचे वॅट भागिले २३० केलं की करंट साधारण किती ते कळतं. २,००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर घेतो, तर ३,००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर.

घरगुती वायरिंगमध्ये साधारणपणे असं गणित ठेवलं जातं:

- दिवे, पंखे, टीव्ही: दीडची वायर, ६ ते १० अँपिअरचा एमसीबी
- वॉशिंग मशिन, मायक्रोवेव्ह, इस्त्री यांचे पॉवर पॉइंट: अडीचची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी
- एसी, गिझर: प्रत्येकाला स्वतंत्र चारची वायर, २० अँपिअरचा एमसीबी
- मीटरपासून घरातल्या मुख्य बोर्डापर्यंत: एकूण लोडनुसार सहाची किंवा दहाची

जुन्या इमारतींत अजूनही ॲल्युमिनियमच्या वायरी सापडतात. ॲल्युमिनियमची वीजवहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६० टक्के असते. शिवाय त्याला तांब्याची वायर नुसती पीळ देऊन जोडली, तर तो जोड कालांतराने सैल पडतो आणि तापतो.

अंतर वाढलं की हिशेब बदलतो

घरातल्या घरात अंतर कमी असल्याने एवढं पुरतं. शेतात तसं नसतं. समजा, मीटरच्या पेटीपासून विहीर १०० मीटरवर आहे आणि सिंगल फेज पंप १० अँपिअर करंट घेतो. वीज जाऊन परत येते, म्हणजे वायर २०० मीटर झाली. अडीचच्या तांब्याच्या वायरचा रोध दर किलोमीटरला सुमारे साडेसात ओहम असतो. म्हणजे २०० मीटरला दीड ओहम आणि त्यात जवळपास १५ व्होल्ट वाटेतच जातात. चारची वायर घेतली तर ही घट ९-१० व्होल्टवर येते.

गावात आधीच व्होल्टेज कमी असेल तर हा फरक मोटरच्या जिवावर बेततो. कमी व्होल्टेजवर तेवढंच पाणी उपसायला मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. केबलमध्ये वाचवलेले पैसे मग रिवाइंडिंगला जातात.

वायर कुठून जाणार?

- भिंतीतून: किमान एफआर, म्हणजे आग पसरू न देणारं आवरण असलेली वायर घ्यावी. एफआरएलएस वायर जळताना धूर कमी सोडते. साधं पीव्हीसी जळताना दाट धूर आणि घातक हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. त्यामुळे रुग्णालयं, मॉल अशा गर्दीच्या ठिकाणी हॅलोजनविरहित वायर वापरणं इष्ट.
- जमिनीखालून: घरातली साधी वायर पुरू नये. पोलादी कवच असलेली आर्मर्ड केबल साधारण पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि त्यावर विटा टाकून घालतात. कुदळीच्या घावापासून तेवढंच संरक्षण.
- बोअरमध्ये: सबमर्सिबल पंपासाठी तीन कोअरची चपटी केबल मिळते. ती पाइपला नीट चिकटून राहते आणि पाण्यात टिकते.
- छतावर: पीएम सूर्यघर योजना २०२४मध्ये सुरू झाल्यापासून छतावरच्या सोलरची चर्चा वाढली आहे. पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंत डीसी वीज वाहते आणि केबल दिवसभर उन्हात असते. तिथे खास सोलर डीसी केबलच लागते. घरातल्या वायरचं आवरण उन्हाने तडकतं.

घेताना काय बघायचं?

वायरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा मानक क्रमांक छापलेला असतो. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून खरा की खोटा ते तपासता येतं. हिरवी वायर अर्थिंगची, काळी न्यूट्रलची आणि लाल, पिवळी किंवा निळी फेजची, हा रंगांचा नियम पाळला तर पुढे दुरुस्तीला येणाऱ्याचा जीव धोक्यात येत नाही. अर्थिंगची वायर 'नंतर टाकू' म्हणून सोडू नये. एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो.

एमसीबी वारंवार पडत असेल तर परवानाधारक वायरमनला आधी एकच प्रश्न विचारावा: या सर्किटला वायर किती स्क्वेअर एमएमची आहे? उत्तर दीड आलं, तर एसीसाठी मुख्य बोर्डापासून चारची नवी वायर ओढून घ्यावी. तोवर जुना एमसीबी आहे तसाच राहू द्यावा.