कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडलेत? मालिश सुरू करण्याआधी हे वाचा

हमरस्त्यालगतच्या वस्त्यांवर हे नेहमीचंच झालंय. पिकअपचा नाहीतर दुचाकीचा धक्का बसतो, कुत्रा केकाटत बाजूला होतो आणि दुसऱ्या दिवसापासून मागचे पाय फरफटत चालतो. मग कोणी सांगतं गरम तेलाने चोळा, कोणी घरातली दुखण्याची गोळी भाकरीत घालून देतं. आता त्यात मोबाईलवरच्या ‘प्राण्यांची थेरपी शिका’ अशा कोर्सची भर पडली आहे. शिकायला हरकत नाही, पण क्रम चुकला तर मुका जीव कायमचा जायबंदी होतो.

मणका किंवा खुबा मोडलेला असेल तर चोळल्याने इजा वाढते. त्यामुळे आधी पशुवैद्यकीय डॉक्टर, मगच हात लावायचा. नेताना उचलून कवेत घेऊ नका. फळीवर किंवा ताणून धरलेल्या घोंगडीवर आडवं ठेवून न्या. वेदनेत घरचं कुत्रंही चावतं. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. ‘आपलंच आहे’ म्हणून लस टाळू नका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अपघात झालेला नसताना पाय अचानक लुळे पडले, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, तर तो रेबीजही असू शकतो. अशा जनावराला अजिबात हात लावू नये, तोंडात हात घालून ‘काही अडकलंय का’ हे तर मुळीच बघू नये.

माणसांच्या गोळ्यांचंही तसंच. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड निकामी होतात.

डॉक्टरांनी तपासून व्यायामाला होकार दिला की खरं काम घरच्यांचं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस सूज असते, तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. सूज उतरल्यावर कोमट शेक. मालिश तळहाताने, हलक्या दाबाने, पंजाकडून वर मांडीकडे. त्यानंतर कुत्र्याला कुशीवर झोपवून पाय सायकल चालवल्यासारखा हळूहळू दुमडायचा, सरळ करायचा. एका वेळी दहादा, दिवसातून दोन-तीनदा. त्याने मान वळवून हाताकडे पाहिलं किंवा पाय ओढून घेतला तर तिथंच थांबायचं. दुखतंय हे सांगायची त्याची तीच भाषा.

उभं करताना पोटाखालून पंचा घालून मागचा भाग तोलून धरा. फरशीवर पाय घसरतात, सारवलेली जमीन बरी. पडून असलेल्या कुत्र्याची कूस दर तीन-चार तासांनी बदला, नाहीतर जखमा होतात. सगळ्यात दुर्लक्ष होतं ते लघवीकडे. थेंब थेंब गळतेय म्हणजे मूत्राशय रिकामं झालं असं नाही. ते कसं दाबून रिकामं करायचं, हे डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्यावं. व्हिडिओ पाहून करायचं हे काम नाही. शहरात पाण्यातल्या पट्ट्यावर चालवून व्यायाम देतात म्हणून कुत्र्याला शेततळ्यात सोडू नका. कागदावरून चांगलं कुत्रंही वर येऊ शकत नाही.

आता कोर्सबद्दल. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाचं कुत्र्यांच्या पुनर्वसनाचं प्रशिक्षण नावाजलेलं आहे, पण ते मुख्यतः आधीच पशुवैद्यक किंवा फिजिओथेरपिस्ट असलेल्यांसाठी. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार उपचार नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायचे. पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना किरकोळ सेवा देता येतात, त्याही सरकारने ठरवल्या तेवढ्याच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पंधरा दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर फी घेऊन उपचार करता येत नाहीत. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या. खरंच याच क्षेत्रात जायचं असेल तर बारावी सायन्सनंतर नीट देऊन पशुवैद्यकीय पदवीला प्रवेश मिळतो. नागपूरच्या माफसू विद्यापीठाची महाविद्यालयं परभणी, उदगीर, शिरवळ, मुंबई इथंही आहेत.

दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारणा करा. निघण्याआधी कुत्रा कसा चालतो त्याचा मागून आणि बाजूने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात ते घाबरून चालतच नाही, तेव्हा तो दाखवता येतो.