विहिरीतली मुंबा

या पुरवणीच्या शेवटच्या पानावर बहुधा आजही केनियाची जाहिरात असेल. सात रात्री, आठ दिवस, मसाई मारा, सोबत मराठी टूर मॅनेजर आणि रात्रीच्या जेवणाला वरणभात. तिच्या शेजारी ताडोबाची. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो, म्हणून एप्रिल-मेच्या सफारी केव्हाच भरलेल्या असतात. या जाहिराती मी मन लावून वाचतो आणि दोन-तीनदा त्यांना भुललोही आहे. पण हल्ली कुणी विचारलं, "यंदा कुठलं जंगल?" की मी म्हणतो, "जोगेश्वरी." समोरचा हसतो.

त्याला वाटतं, मी बिबट्याबद्दल बोलतोय. तसं वाटण्यात चूक काही नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पलीकडे आरे, आरेला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि तिथला बिबट्या रात्री कुत्र्यांच्या मागावर पाड्यांपर्यंत येतो, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. बिबट्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या मनात असतो तो प्राणी त्याच्याइतका देखणा नाही. त्याला डोळे नाहीत, खवले नाहीत, पर नाहीत. तो जमिनीखाली राहतो आणि विज्ञानाला त्याची पहिली ओळख जोगेश्वरीत झाली.

काही वर्षांपूर्वी 'अ‍ॅक्वा' या मत्स्यशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एका नव्या माशाचं वर्णन छापून आलं. लिहिणारे चौघे: तेजस ठाकरे, प्रवीणराज जयसिंहन, अनिल महापात्र आणि अन्नम पवनकुमार. मासा सापडला होता जोगेश्वरीतल्या एका शाळेच्या आवारातल्या सुमारे ४० फूट खोल विहिरीत, तळाच्या गाळात. शाळा कुठली? अंध मुलांची. एखाद्या कथालेखकानं हे जुळवून आणलं असतं तर संपादकानं "फारच ओढूनताणून" असा शेरा मारून कथा परत पाठवली असती. पण हे असंच घडलं. त्या आवारात मुलं बोटांनी वाचत होती आणि चाळीस फूट खाली हा प्राणी अंगाच्या स्पर्शानं आपली वाट काढत होता. एकमेकांचा पत्ता कुणालाच नव्हता.

माशाचं शास्त्रीय नाव रक्तामिक्थिस मुंबा. प्रजातीच्या नावातलं 'रक्त' आपलंच आहे, 'इक्थिस' म्हणजे ग्रीकमध्ये मासा. अंगात रंगद्रव्य जवळजवळ नसल्यामुळे कातडीखालचं रक्त आरपार दिसतं आणि अख्खा मासा लालसर गुलाबी भासतो. 'मुंबा' कशावरून ते सांगायला नको. ज्या देवीनं शहराला नाव दिलं, तीच याच्याही नावात आली. महाराष्ट्रातून, किंबहुना सह्याद्रीच्या सगळ्या उत्तर भागातून, पूर्णपणे अंध असा गोड्या पाण्यातला मासा नोंदला जाण्याची ही पहिलीच वेळ.

दिसायला तो वाम मासळीसारखा, म्हणजे खरं तर गांडूळ आणि वाम यांच्यामधलं काहीतरी. पण बाजारात आपण जिची तुकडी सांगतो त्या समुद्रातल्या वामेशी याचं नातं लांबचं आहे. नदीत पाठीवर काट्यांची रांग असलेली जी वाम मिळते, ती याची खरी भाऊबंद. याच्या कुळाची खूण गळ्याशी असते. इतर माशांना डोक्याच्या दोन बाजूंना कल्ल्यांची दोन उघडझाप करणारी झाकणं असतात, तर या कुळात कल्ल्यांची वाट गळ्याखाली एकच. या कुळातले बरेचसे मासे चिखलात, कमी प्राणवायूच्या पाण्यात, वेळप्रसंगी वरची हवा घेऊनही तग धरतात. विहिरीच्या तळाचा गाळ म्हणजे त्यांच्या दृष्टीनं गैरसोय नव्हे.

आता इथे एक गैरसमज काढायला हवा. हा मासा 'विहिरीत राहतो' असं आपण म्हणतो, मीही वर तसंच म्हटलं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर विहीर हे वाटेत लागलेलं एक मोठं स्टेशन आहे, जिथे बोगदा संपून अचानक छत उंच होतं. त्याचं खरं गाव म्हणजे आपल्या पायाखालचं भूजल. मुंबई उभी आहे ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या खडकावर. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हा त्याचाच उभा राहिलेला पुरावा. खोलवर हा खडक कठीण काळा पाषाण असतो, पण वरचा भाग कुजून त्याचा मुरूम झालेला असतो आणि मधल्या थरात भेगा, फटी, सांधे असतात. पावसाचं पाणी मुरमातून झिरपतं आणि त्या फटींतून सरकत राहतं. विहीर खणणारा खणत खणत झऱ्यापर्यंत जातो तेव्हा तो नकळत या चिंचोळ्या गल्लीचं दार फोडत असतो. त्या दारातून आपण कधीमधी आत डोकावतो, आणि क्वचित आतलं कुणी बाहेर येतं.

डोळ्यांचं म्हणाल, तर "अंधारात राहून राहून डोळे गेले" हे स्पष्टीकरण ऐकायला बरं वाटतं, पण वापर नसला म्हणून अवयव पिढ्यान्‌पिढ्या आपोआप झडत नाही. डोळा ही महागडी चीज आहे. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये एक मासा आहे, ज्याचे नदीतले भाऊ डोळस आणि गुहेतले आंधळे. त्याच्यावरच्या अभ्यासात दिसलं, की डोळे आणि त्यांच्यासाठी राबणारा मेंदूचा भाग यांवर लहान मासा आपल्या विश्रांतीच्या काळातल्या ऊर्जेपैकी साधारण ५ ते १५ टक्के खर्च करतो. जिथे उजेड नाही, शेवाळ नाही, जे काही खायला मिळेल ते वरून झिरपून येणारं, तिथे हा खर्च परवडत नाही. जन्मतः डोळ्यांत खोट असलेलं पिल्लू उजेडात पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी पोटात गेलं असतं. अंधारात मात्र त्याचं काही बिघडत नाही, उलट चार घास वाचतात. अशी वाचलेली पिल्लं वाढत गेली की हळूहळू डोळस घराणी मागे पडतात.

असे पाताळातले मासे शोधण्यात आपल्याहून कितीतरी पुढे आहे केरळ. तिथे कोकणासारखाच जांभा. ज्याचे आपण चिरे पाडतो तो हा खडक आतून भोकाभोकांचा, पाण्यानं पोखरलेला असतो. घरोघरी विहीर, विहिरीतून टाकी, टाकीतून न्हाणीघरातला नळ. १९५० साली कोट्टायमच्या विहिरींतून आलेल्या आंधळ्या मार्जारमीनाचं वर्णन झालं आणि तेव्हापासून तिथला पाताळलोक हप्त्याहप्त्यानं वर येतो आहे. २०१८च्या महापुरानंतर एका भातखाचरात लांबुळका, सर्पासारखा मासा दिसला. तो इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नवं कुळ मांडावं लागलं. चेंगन्नूरच्या एका घरी नळाच्या पाण्यातून लालभडक, दोऱ्यासारखा मासा पडला, त्याचं नाव ठेवलं 'पॅंजिओ पाताळ'. पुढे हॉलिवूडच्या लिओनार्डो डिकॅप्रिओनं त्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकला आणि तो मासा जगभर गाजला. मला मात्र २०२३ साली वर्णन झालेला 'होराग्लॅनिस पोप्युली' जास्त आवडतो. केरळच्या मत्स्यविद्यापीठातले राजीव राघवन, त्यांचे सहकारी आणि आपले नीलेश डहाणूकर यांनी सहा वर्षं गावोगावच्या लोकांना सांगून ठेवलं होतं, की बादलीत काही विचित्र वळवळलं तर फेकू नका, आम्हाला कळवा. लोकांनी कळवलं. त्यातून या आंधळ्या माशांच्या ४७ नव्या जागा कळल्या. 'पोप्युली' म्हणजे लोकांचा. माशाला नाव देताना एखाद्या साहेबाला किंवा देणगीदाराला खूश करण्याची चाल जुनी आहे. इथे नाव मिळालं ते बादली न ओतणाऱ्या बायाबापड्यांना.

अशा पाताळवासीयांना बघायला माणसं पैसे मोजून जातात, यावर विश्वास बसत नसेल तर स्लोव्हेनियातलं पोस्तोयना बघा. तिथल्या चुनखडीच्या गुहेत पर्यटकांसाठी १८७२पासून रूळ टाकलेले आहेत. सुरुवातीला डबे माणसं ढकलायची, आता आगगाडी धावते. गुहेचा मानकरी आहे ओल्म नावाचा आंधळा, फिकट गुलाबी उभयचर. सतराव्या शतकात वाल्वासोर या लेखकानं नोंदवून ठेवलंय, की मोठ्या पावसानंतर जमिनीखालून वाहून येणारी ही जनावरं म्हणजे ड्रॅगनची पिल्लं, अशी लोकांची समजूत होती. ओल्म काही न खाता वर्षानुवर्षं राहू शकतो आणि शंभरीच्या आसपास जगू शकतो असा अंदाज आहे. २०१६ साली तिथल्या मत्स्यालयात एका मादीची अंडी फुटू लागली तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी रोजच्या रोज बातमी दिली. एका देशानं आपल्या आंधळ्या प्राण्याला दागिन्यासारखं मिरवलं.

आपण अगदीच काही केलं नाही असंही नाही. सिंधुदुर्गातलं आंबोली घ्या (आमच्या अंधेरीजवळचं अंबोली नव्हे). तिथे हिरण्यकेशीच्या उगमापाशी, देवळासमोरच्या कुंडात, 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही छोटीशी नवी मासळी २०२० साली नोंदली गेली. तिच्या शोधातही ठाकरे आणि प्रवीणराज होतेच. पुढच्याच वर्षी राज्य सरकारनं जैविक विविधता कायद्याच्या कलम ३७खाली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. क्षेत्र किती? २.११ हेक्टर. ताडोबाच्या एका सफारीत जीप जेवढी धूळ उडवते तेवढीच जागा म्हणा ना. पण बोटाएवढ्या माशाला तेवढी पुरते. त्याच कायद्यात प्रत्येक स्थानिक संस्थेनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे, म्हणजे आपल्या हद्दीत काय काय जगतं त्याचा दप्तरी हिशोब. त्या वहीत झाडं येतात, पक्षी येतात. मला वाटतं, मुंबईच्या वहीत विहिरींना एक वेगळं पान हवं.

कारण मुंबईचं विहिरींशी भांडण जुनं आहे. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ची, तिला आजही पारशी मंडळी हात जोडतात. पण १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटले यांनी शहरातल्या मलेरियाचं खापर विहिरी आणि टाक्यांवर फोडलं. डास तिथेच वाढत होते, त्यामुळे त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. मग विहिरी बुजवण्याचा आणि झाकण्याचा सपाटा लागला. पारशी आणि हिंदूंनी धर्माचं कारण सांगून विरोध केला, काही विहिरी जाळीच्या झाकणाखाली वाचल्या. जोगेश्वरी तेव्हा मुंबईत नव्हतीच. १९५० साली शहराची हद्द वाढली ती इथवर, आणि त्याआधी हे साष्टीतलं भातशेतीचं गाव होतं. म्हणून इथे विहिरी उरल्या: वाड्यांच्या, देवळांच्या, शाळांच्या, चाळींच्या.

त्यांतली एक आमच्या चाळीमागे होती. कठड्याला दोरीनं पडलेल्या खाचा होत्या, त्यांत माझं बोट बरोबर बसायचं. आजी सांगायची, खाली कासव आहे, कासव असलं की पाणी निवळ राहतं. मी ते कासव कधी पाहिलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर टीसीएल पावडरची पुडी पडली की दोन दिवस पाण्याला तरणतलावाचा वास यायचा. पुनर्विकासाचं ठरलं तेव्हा एका दुपारी तीन डंपर राबीट आलं आणि विहीर संध्याकाळपर्यंत सपाट झाली. तिथे आता दोन गाड्या उभ्या राहतात. खाली कोण होतं, हे बघायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

या माशांना मारायला बंदूक लागत नाही. टँकरसाठी दिवसरात्र उपसा झाला की फटी कोरड्या पडतात. गटाराचं पाणी मुरमात शिरलं की घर नासतं. तळघराची दोन मजली खोदाई झाली की गल्लीच तुटते. आणि डास मारायला सोडलेला गप्पी, दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा, अळ्यांबरोबर पाण्यातले इतर बारीक जीवही मटकावतो. मलेरिया नको आणि मासा हवा, हे दोन्ही एका विहिरीत बसवणं अवघड आहे. पण झाकण घट्ट असेल तर डास आत जात नाही, औषध लागत नाही, आणि खालच्याला अंधाराची अडचण नसतेच.

आमच्या मागच्या सोसायटीत एक विहीर अजून आहे, लोखंडी झाकणाची. गेल्या पावसाळ्यात मलेरियावाला आला तेव्हा मी सोबत गेलो. त्यानं झाकण सरकवलं, टॉर्च मारला. काळं पाणी, त्यावर एक पिंपळपान, एक चेंडू.

"गप्पी टाकतो चार," तो म्हणाला.

"खाली मासा असला तर?"

"असला तर बरंच की काका. अळ्या खाईल."

"त्याला डोळे नसतात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. गप्प्यांची पिशवी कठड्यावर ठेवली आणि टॉर्च पुन्हा पाण्यावर धरला. मग आम्ही दोघंही वाकलो.